हरलेल्यांची बोट

निवडणूक हरल्यावर त्या पक्षाच्या माणसांनी एकत्र जमावं का, हा काही वादाचा मुद्दा नाही. माणसं जमणारच. वाद घालायचा तर जमून नेमकं काय करायचं आणि त्या जमण्याचं बिल कोणी भरायचं यावर घालावा. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलं की पहिल्याचं आपोआप ठरून जातं.

एका बोटीचं उदाहरण घेऊ. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी बराक ओबामा अमेरिकेच्या अध्यक्षपदी दुसऱ्यांदा निवडून आले. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधिवृंदाची ३३२ मतं त्यांना आणि २०६ रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार मिट रॉम्नी यांना. पाचच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल बंदरातून 'निऊ ॲमस्टरडॅम' ही क्रूझ बोट कॅरिबियन समुद्रात एक आठवड्याच्या सफरीवर निघाली. बोटीवर 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या विचारांच्या पाक्षिकाचे शेकडो वाचक होते, आणि त्यांच्यासोबत त्या पाक्षिकाचे संपादक, लेखक आणि निमंत्रित वक्ते. सफरीचं नावच 'निवडणुकीनंतरची सफर' असं होतं. तिकिटं अर्थातच कितीतरी महिने आधी विकलेली. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी विजयोत्सवाच्या हिशेबानेच घेतली असणार. वाट्याला आलं ते सुतक, आणि तेही सूर्यस्नान, पोहण्याचा तलाव आणि पाच पदार्थांच्या जेवणासकट.

या सफरी अमेरिकेत नव्या नाहीत. 'नॅशनल रिव्ह्यू' १९९० च्या दशकापासून त्या काढत आलंय. डाव्या बाजूचं 'द नेशन' हे नियतकालिकही आपल्या वाचकांना असंच बोटीवर नेत आलं आहे, तेव्हा हा एकट्या उजव्यांचा षोक समजू नये. यामागचं गणित सरळ आहे. विचारांची नियतकालिकं कुठेच नफ्यात चालत नसतात. १९५५ साली विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' सुरू केलं तेव्हापासून ते वर्गणी, देणग्या आणि 'मदत करा' अशा पत्रांवरच तगून आहे. क्रूझमध्ये वर्गणीदार हजारो डॉलर मोजतो, त्यातला काही भाग नियतकालिकाला मिळतो. बदल्यात वर्गणीदाराला काय मिळतं? सकाळी परिसंवाद, संध्याकाळी हातात पेला घेऊन गाठीभेटी, रात्री उशिरा डेकवर सिगार. आणि खरं आकर्षण म्हणजे जेवणाचं टेबल. लेखक रोज वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. ज्याचे लेख वीस वर्षं वाचले तो माणूस शेजारी बसून आपलं मत विचारतो, या सुखाची किंमत ज्यांनी कधी साहित्य संमेलनात एखाद्या लेखकाला गाठून दोन वाक्यं बोलायची धडपड केली आहे त्यांना कळेल.

या प्रकाराची टवाळी करणं फार सोपं आहे आणि अमेरिकेतल्या उदारमतवादी पत्रकारांनी ती मनसोक्त केली. मला ती टवाळी स्वस्त वाटते. असल्या सफरींना मुख्यतः निवृत्तीच्या वयाची, बरी पुंजी बाळगून असलेली माणसं येतात. आयुष्यभर एका विचाराला वर्गणी दिली, निवडणुकीत देणग्या दिल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाद घातले, आणि मंगळवारी रात्री टीव्हीसमोर सगळं कोसळताना पाहिलं. त्यांना चार समदुःखी लोकांत बसावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय?

शिवाय त्यांना बसलेला धक्का खरा होता. या लोकांना आपण जिंकतोय असंच शेवटपर्यंत सांगितलं गेलं होतं. जनमत चाचण्यांमध्ये ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार जास्त धरले जातात, असं म्हणून आकडे 'सरळ' करून दाखवणारं संकेतस्थळ त्या काळात उजव्यांत लोकप्रिय झालं होतं. स्कॉट रासमुसेन यांच्या संस्थेच्या शेवटच्या चाचणीत रॉम्नी एका टक्क्याने पुढे होते, आणि बोटीवरच्या वक्त्यांच्या यादीत हेच रासमुसेन होते. खुद्द रॉम्नींनी फक्त विजयाचं भाषण लिहून ठेवलं होतं. फॉक्स न्यूजने ओहायो राज्य ओबामांनी जिंकल्याचं जाहीर केलं तेव्हा रिपब्लिकन रणनीतीकार कार्ल रोव्ह थेट प्रक्षेपणात आपल्याच वाहिनीशी भांडायला लागले आणि निवेदिका मेगन केली यांना कॅमेऱ्यासकट निकालाचा अंदाज बांधणाऱ्या विभागापर्यंत चालत जाऊन खात्री करून घ्यावी लागली. मतदानापूर्वी तीच आकडेवारी वाचणाऱ्या आकडेतज्ज्ञ नेट सिल्व्हर यांचा अंदाज मात्र पन्नासही राज्यांत बरोबर आला.

म्हणजे सांत्वनाची गरज होती. माझी तक्रार सांत्वनाविषयी नाही. सुतकाच्या घरी आपण भेटायला जातो तेव्हा गेलेल्याचं कौतुक करतो, 'सगळं केलंत तुम्ही' म्हणतो, आणि औषधं वेळेवर दिली होती का, हे विचारत नाही. ते विचारणारा डॉक्टर वेगळा, त्याची वेळ वेगळी. बोटीवर या दोन्ही कामांची सरमिसळ झाली. सांत्वनालाच परिसंवाद म्हटलं गेलं, आणि पैसे मोजून आलेल्या माणसाला 'तुमच्यामुळे हरलो' असं कोणता यजमान सांगेल?

आता तुम्ही म्हणाल, वाचकांमुळे कसे काय हरले? त्यासाठी फोर्ट लॉडरडेलपासून उत्तरेला मोटारीने तासाभराच्याही आत असलेल्या बोका रॅटन या श्रीमंत गावात जाऊ. १७ मे २०१२ रोजी तिथल्या एका बंगल्यात माणशी ५० हजार डॉलरचं निधिसंकलनाचं जेवण होतं. रॉम्नींनी तिथे सांगितलं, की ४७ टक्के लोक काहीही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला बळी समजतात, आणि त्यांची काळजी करणं हे आपलं काम नाही. हे सगळं चित्रित झालं. ज्याने केलं तो कोणी विरोधी पक्षाचा हेर नव्हता. तो तिथला बारटेंडर होता, स्कॉट प्राउटी. त्याने कॅमेरा सोबत आणला तो वेगळ्याच अपेक्षेने. आधीच्या एका कार्यक्रमात बिल क्लिंटन यांनी कर्मचाऱ्यांबरोबर फोटो काढून घेतले होते, म्हणून हेही घेतील असं त्याला वाटलं. कॅमेरा बारवर ठेवला होता आणि तो चालू होता. पुढे त्याने सांगितलं, की ४७ टक्क्यांपेक्षा रॉम्नींनी केलेलं चीनमधल्या एका कारखान्याचं वर्णन त्याला जास्त झोंबलं. तरुण कामगार मुली, दाटीवाटीची वसतिगृहं, सभोवती काटेरी तारा, आणि हे सगळं गुंतवणूकदाराच्या थंड स्वरात.

त्या खोलीत पाहुणे होते, उमेदवार होता आणि पेले भरणारी माणसं होती. बोलणाऱ्याने श्रोत्यांत फक्त पाहुण्यांना धरलं. मला हा प्रसंग २०१२ च्या निवडणुकीचा गाभा वाटतो, आणि मतदानोत्तर चाचणीही तेच सांगते. नेतृत्व, मूल्यं, भविष्याची दृष्टी या गुणांना महत्त्व देणाऱ्या मतदारांत रॉम्नी पुढे होते. 'माझ्यासारख्यांची पर्वा आहे' हा गुण ज्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटला त्यांच्यात मात्र ओबामांना ८१ टक्के आणि रॉम्नींना १८ टक्के. एवढी दरी असेल तर करांचा दर किती आणि कर्जाची मर्यादा किती यावर परिसंवाद घेऊन काय होणार?

आता बोटीवर परत येऊ. हॉलंड अमेरिका या कंपनीच्या बोटींवरचे बहुतेक कर्मचारी इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधले असतात. केबिन आवरणारा, टेबलावर वाढणारा, पेले भरणारा. महिनोन्‌महिने घर सोडून राहणारी ही माणसं. बोटीवर निशाण नेदरलँड्सचं. गोव्यात आणि तळकोकणात 'बोटीवर' असलेला एखादा तरी माणूस प्रत्येक वाडीत सापडतो. तो सुटीवर आला की अमेरिकी म्हातारा-म्हातारींचे किस्से सांगतो. ही मंडळी टेबलामागून जग पाहतात आणि त्यांचं निरीक्षण बहुतेकदा अचूक असतं. स्थलांतरितांवर पक्षाने काय भूमिका घ्यावी, हा २०१२ च्या पराभवानंतर उजव्यांत सर्वांत चुरशीचा प्रश्न होता, कारण लॅटिनो मतदारांपैकी जेमतेम २७ टक्के रॉम्नींकडे आले होते. त्या प्रश्नाची चर्चा अशा बोटीवर व्हावी जिथे समोरचं प्रत्येक ताट परदेशी हाताने वाढलं जातंय, यातला विनोद मी वेगळा समजावून सांगत बसत नाही.

बोट जिथून सुटली ते बंदर ब्रॉवर्ड काउंटीत येतं. तिथल्या दर तीन मतदारांपैकी दोघांनी ओबामांना मत दिलं होतं. फ्लोरिडाचा निकाल सुमारे ७४ हजार मतांच्या फरकाने लागला आणि बोट सुटण्याच्या आदल्या दिवशीच वृत्तसंस्थांनी तो जाहीर केला होता. पराभवाचं कारण शोधायचं तर ते धक्क्यावरच उभं होतं, टॅक्सी चालवत, सामान उचलत. मंडळी त्याच्या हातात सामान देऊन बोटीवर चढली.

बोट समुद्रात असतानाच, १४ नोव्हेंबरला, रॉम्नींनी आपल्या देणगीदारांशी फोनवरून संवाद साधला. ओबामा जिंकले कारण त्यांनी कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि तरुण मतदारांना 'भेटी' वाटल्या, असं त्यांचं निदान. पुन्हा देणगीदार, पुन्हा बंद दार, आणि पुन्हा ते दाराबाहेर आलंच. लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर, भारतीय वंशाचे बॉबी जिंदल यांनी लगेच जाहीरपणे ते झटकून टाकलं. मतदाराचा अपमान करून मतं मिळत नाहीत, एवढी साधी गोष्ट सांगण्याचं धाडस त्या आठवड्यात फार थोड्यांनी दाखवलं. मला रॉम्नींचीही कीव येते. मुळात सभ्य माणूस. पण समोर चेक देणारे बसले की त्यांना आवडेल तेच निदान तोंडातून निघतं. 'तुम्ही कमावते, ते फुकटे' हे ऐकायला देणगीदाराला गोड लागतं, आणि त्याने सगळाच दोष दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

असल्या सफरींना निव्वळ मौजमजा समजण्याचीही चूक करू नये. जून २००७ मध्ये 'द वीकली स्टँडर्ड' या दुसऱ्या उजव्या साप्ताहिकाची बोट अलास्कात जुनो इथे लागली, आणि संपादक विल्यम क्रिस्टल, फ्रेड बार्न्स वगैरे मंडळी राज्याच्या गव्हर्नरकडे जेवायला गेली. गव्हर्नर होत्या सारा पेलिन. त्याच उन्हाळ्यात 'नॅशनल रिव्ह्यू'च्या बोटीवरची मंडळीही त्यांना भेटून आली. पाहुणे भारावून परतले, लेख लिहिले गेले, नाव फिरू लागलं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी पेलिन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्याचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. दुपारच्या जेवणात छाप पाडणं आणि महिनोन्‌महिने देशभर प्रश्नांना तोंड देणं यात फरक आहे, हे जेवून आलेल्यांच्या लक्षात आलं नाही. म्हणून बोटीवर काय बोललं जातं याला महत्त्व आहे.

कोणी म्हणेल, पक्षाने चिकित्सा केली की! केली. १८ मार्च २०१३ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सुमारे शंभर पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. पक्ष आपल्याशीच बोलत बसलाय, स्थलांतराच्या कायद्यात व्यापक सुधारणेला पाठिंबा द्या, अल्पसंख्य, स्त्रिया आणि तरुण यांच्याकडे जा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. हरलेल्या पक्षाने आपल्या खर्चाने स्वतःची इतकी परखड झाडाझडती घेतल्याची उदाहरणं थोडी आहेत, आणि त्याबद्दल मला त्या पक्षाचा आदर वाटतो. त्या जूनमध्ये सिनेटने स्थलांतर विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाही घेतलं नाही. पुढच्या वर्षी सभागृहातले पक्षाचे नेते एरिक कँटर आपल्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत एका फारशा माहीत नसलेल्या प्राध्यापकाकडून हरले, आणि स्थलांतर हा तिथे मोठा मुद्दा ठरला. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अहवालाच्या बरोबर उलट वाट धरली आणि ते अध्यक्ष झाले. अहवालाच्या पाच लेखकांपैकी सॅली ब्रॅडशॉ यांनी त्याच वर्षी पक्ष सोडला.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप येतो. चिकित्सा केली त्यांचं चुकलं आणि ज्याने ती कचऱ्यात टाकली तो जिंकला. मग चिकित्सेचा आग्रह कशाला? बोटीवरची मंडळीच शहाणी होती म्हणायची का?

तसं मुळीच नाही. ट्रम्प जिंकले ते बोटीवरचे सिद्धांत पाळून नव्हे. निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याला हात लावणार नाही, मुक्त व्यापाराचे करार वाईट, इराकचं युद्ध ही घोडचूक, असं ते भर सभांतून म्हणाले. यातलं प्रत्येक वाक्य उजव्या विचारवंतांच्या पंगतीत पाखंड ठरलं असतं. ठरलंच. जानेवारी २०१६ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू'ने त्यांच्या विरोधात खास अंक काढला, बावीस जणांनी लेख लिहिले, आणि त्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना उमेदवारी दिली. ओहायोत रॉम्नी सुमारे तीन टक्क्यांनी हरले होते, तिथे ट्रम्प आठ टक्क्यांनी जिंकले. ओहायोच्या मोटारधंद्यातल्या कामगाराला आठवत होतं, की २००८ मध्ये रॉम्नींच्या एका लेखाला 'डेट्रॉइटचं दिवाळं निघू द्या' असं शीर्षक होतं. हा कामगार बोटीवर नव्हता, आणि पक्षाच्या अहवालात त्याला जागा मिळाली तीही जेमतेमच. शॉन ट्रेंडी या विश्लेषकाने निकालानंतर दोनच दिवसांनी लिहिलं होतं, की मोठ्या संख्येने गोरे मतदार, विशेषतः ग्रामीण आणि अल्प उत्पन्नाचे, मतदानाला आलेच नाहीत. सुगावा म्हणजे बोट सुटण्याआधीच उपलब्ध होता. मतदार घरी का बसला हे विचारायला मात्र त्याच्या घरी जावं लागतं.

आपल्याकडे याला चिंतन शिबिर म्हणतात, आणि तिथेही थंड हवेचं ठिकाण लागतंच. २००९ च्या पराभवानंतर भाजप सिमल्यात चिंतनाला बसला आणि पहिल्याच दिवशी जसवंत सिंह यांना जीनांवरच्या पुस्तकापायी पक्षातून काढून टाकलं. २०१४ नंतर काँग्रेसने ए. के. अँटनी यांची समिती नेमली, अहवाल आला, आणि तो कधी जनतेसमोर आला नाही. एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. पचमढीला १९९८ मध्ये काँग्रेसने शक्यतो स्वबळावर लढायचं ठरवलं होतं. जुलै २००३ मध्ये सिमल्याला तो निर्णय फिरवून आघाड्यांची दारं उघडली, आणि पुढच्या मे महिन्यात सत्ता आली. म्हणजे डोंगरावर जाऊनही शहाणपण सुचू शकतं. तिथे बसलेल्यांना उद्या जागावाटप करायचं होतं. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांना खूश ठेवायचं नव्हतं.

'नॅशनल रिव्ह्यू'च्याच घरात याहून मोठं उदाहरण आहे, म्हणून तर मला बोटीची जास्त हळहळ वाटते. सप्टेंबर १९६४. बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकनांचे अध्यक्षपदाचे उमेदवार, उजव्या तरुणांच्या संघटनेचं अधिवेशन, सभागृह भारलेलं. बकली उठले आणि त्यांनी सांगितलं, की गोल्डवॉटर हरणार आहेत, आणि आपल्याला हरल्यानंतरच्या दिवसाची तयारी करायची आहे. मतदानाला दोन महिने बाकी असताना, आपल्याच पोरांसमोर! सभागृह सुन्न झालं. नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटर अवघ्या सहा राज्यांत जिंकले. पण डिसेंबरमध्येच 'अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह युनियन' उभी राहिली. आणि रिचर्ड व्हिगरी नावाचा तरुण वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या सचिवांच्या कार्यालयात जाऊन बसला. ५० डॉलरच्या वर देणगी देणाऱ्यांची नावं तिथे कायद्याने नोंदलेली असत. त्याने ती हाताने उतरवून काढली, कंटाळा आला तेव्हा मदतीला माणसं लावली, आणि साडेबारा हजार नावांची यादी तयार झाली. टपालाने मतप्रचार आणि निधी गोळा करण्याचं जे तंत्र पुढे रोनाल्ड रेगनच्या काळापर्यंत उजव्यांची ताकद बनलं, त्याचं बीज ही यादी होती. सत्ता यायला सोळा वर्षं लागली.

कोणी म्हणेल, व्हिगरीही देणगीदारांच्याच मागे होता. होता, पण पन्नास-शंभर डॉलर देणाऱ्या, गावोगाव विखुरलेल्या अनोळखी माणसांच्या. त्यांच्याशी टेबलावर गप्पा मारता येत नाहीत. त्यांना काय वाटतं ते पत्र पाठवून, उत्तर येतंय का पाहून, शिकावं लागतं.

२०१२ च्या बोटीला एका गोष्टीचं श्रेय मी देतो. तिच्यावर चढलेल्या माणसांना आपण हरलो हे मान्य होतं. रॉम्नींनी त्याच रात्री पराभव स्वीकारला होता. २०२० मध्ये हेही राहिलं नाही. साठाच्या आसपास खटले हरूनही ट्रम्प यांच्याकडून पराभव नाकारला गेला, ६ जानेवारी २०२१ ला संसदेच्या इमारतीत जमाव घुसला, आणि पक्षाने २०१३ सारखा अहवाल काढायचा प्रश्नच आला नाही, कारण अधिकृतपणे काही घडलंच नव्हतं. २०२४ मध्ये पुन्हा विजय मिळाल्यावर तर तो विषय काढणाराच वेडा ठरावा. त्या तुलनेत डेकवर सिगार ओढत 'देश आपल्या हातून गेला' असं म्हणणारा २०१२ चा म्हातारा मला बराच सुज्ञ नागरिक वाटतो.

तेव्हा नियतकालिकांनी सफरी जरूर काढाव्यात. त्याशिवाय ती जगायची नाहीत, आणि ती मेली तर उजवं राजकारण आणखी निर्बुद्ध होईल. 'वीकली स्टँडर्ड' २०१८ च्या डिसेंबरात बंद पडलं तेव्हा त्याची झलक दिसलीच. फक्त कार्यक्रमपत्रिकेवर 'आपण का हरलो' हा परिसंवाद नको. त्या तासाला पत्त्यांचा डाव मांडावा. पक्षाच्या ज्या नेत्यांना त्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे त्यांनी तो आठवडा ब्रॉवर्ड काउंटीत, नाहीतर ओहायोतल्या एखाद्या मोटार कारखान्याच्या फाटकासमोर काढावा, आणि जाण्यायेण्याचा खर्च देणगीदारांकडून घेऊ नये.